चीक म्हणजे नेमकं काय? जुन्या कोशांतले पदार्थ कसे वाचायचे

गेल्या उन्हाळ्यात भाचीचा परदेशातून फोन आला. "मावशी, चीक म्हणजे नेमकं काय गं?" तिला तिकडे कुरडया करायच्या होत्या. आईने कृती सांगितली होती, पण ती मैत्रिणीला समजावताना ही पोरगी 'चीक' या शब्दापाशी अडली. शब्दकोश उघडला तर पहिलाच अर्थ झाडाच्या चिकाचा. रुईचा, वडाचा, फणसाचा. "त्याच्या कुरडया कशा होतील?" तिचा प्रश्न बरोबर होता.

मराठीत चीक तीन ठिकाणी भेटतो. पान खुडलं की देठातून येतो तो एक. नुकत्याच व्यालेल्या गाईम्हशीचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं दूध हा दुसरा, ज्याचा आपण खरवस करतो. आणि गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून, चोथा पिळून काढून, ते पाणी रात्रभर न हलवता ठेवलं की पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र थर बसतो तो तिसरा. तिन्ही पांढरे, दाट, बोटाला चिकटणारे. म्हणून शब्द एक. पण पहिला झाडात आयता असतो, दुसरा आयता मिळतो आणि थोड्याच दिवसांत संपतो, तिसरा मात्र कुणीतरी केल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही.

जुन्या कोशांमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट इथे सुरू होते. आंब्याचं झाड कोशकाराने नीट वर्णन केलं नाही तरी झाड उभंच राहतं. उद्या कुणीही जाऊन ते पाहू शकतो. तयार केलेल्या वस्तूचं तसं नाही. ताक, पेज, काकवी, गिलावा, खळ या वस्तू म्हणजे गोठलेल्या कृती आहेत. करणारे हात थांबले की वस्तू गेली, आणि मागे उरतो फक्त शब्द. त्या शब्दापुढे कोशकाराने काय लिहून ठेवलं आहे यावर ती वस्तू पुन्हा उभी राहणार की नाही हे ठरतं. म्हणून अशा शब्दांच्या व्याख्या मी पाककृतीसारख्या वाचते, आणि वाचकांनीही तशा वाचाव्यात असं मला मनापासून वाटतं.

'तयार केलेलं' म्हणजे काय, इथपासूनच आपल्याकडे विचार झालेला आहे. पाणिनीच्या व्याकरणात 'संस्कृतं भक्षाः' असं एक सूत्र आहे. म्हणजे ज्यात एखादा खाण्याचा पदार्थ सिद्ध केला, त्या भांड्यावरून किंवा द्रव्यावरून पदार्थाचं नाव कसं बनवावं याचा नियम. शूलावर, म्हणजे सळईवर भाजलं ते शूल्य. उखा म्हणजे मातीचं भांडं, त्यात शिजवलं ते उख्य. दह्यात केलं ते दाधिक. दुधात केलं ते क्षैरेय. सातव्या शतकातल्या काशिका या टीकेने याच सूत्रावर संस्काराची व्याख्या दिली आहे: 'सत उत्कर्षाधानं संस्कारः'. जे मुळात आहे त्यात भर घालून त्याला अधिक चांगलं करणं म्हणजे संस्कार. आपण मुलांवरच्या संस्कारांबद्दल सतत बोलतो, पण हे वाक्य लिहिलं गेलं ते स्वयंपाकाच्या संदर्भात.

काशिकाकार पुढे एक शंका काढतात. दह्याने संस्कार केलेल्या पदार्थासाठी वेगळा नियम पुढे येणारच आहे, मग दह्यासाठी इथे पुन्हा सूत्र कशाला? उत्तर असं की दोन्ही गोष्टी एक नाहीत. एका पदार्थात दह्यामुळेच गोडी वाढते. दुसऱ्यात दही केवळ आधार असतं आणि खरा संस्कार मीठ वगैरे दुसऱ्या द्रव्याने होतो. हे वाचलं तेव्हा मला आमच्याकडची ताकातली पालकाची भाजी आणि दहीमिरची शेजारी शेजारी दिसली. ताकातल्या भाजीत ताक म्हणजे रस्सा, तिची मजा फोडणीत. दहीमिरचीत मात्र मिरचीला चव येते ती दह्यात मुरल्यामुळेच. हा फरक आपल्या जिभेला माहीत असतो, पण तो शब्दांत मांडायला बारीक नजर लागते. मराठीही तेच काम 'तला', 'वरचा' असे प्रत्यय लावून करते. ताकातला पालक, दुधातले पोहे, चुलीवरची भाकरी.

आता कोशांकडे. अमरकोश साधारण पंधराशे वर्षांपूर्वीचा. तो श्लोकांत आहे, कारण तो पाठ करायचा होता. श्लोकात अक्षरं मोजकी, त्यामुळे एका वस्तूला फार तर अर्धी ओळ. या टंचाईत अमरसिंहाने काय सांगायचं निवडलं ते पाहा:

'तक्रं ह्युदश्विन्मथितं पादाम्ब्वर्धाम्बु निर्जलम्'

आधी तीन शब्द, मग त्याच क्रमाने तीन व्याख्या. तक्र म्हणजे चौथाई पाणी घातलेलं. उदश्वित् म्हणजे निम्मं पाणी घातलेलं. मथित म्हणजे पाण्याशिवाय घुसळलेलं. चव, रंग, वास, कशाचाही उल्लेख नाही. सांगितलं ते फक्त पाण्याचं प्रमाण. कारण तिन्हींत पदार्थ एकच, क्रिया एकच, फरक करतं ते पाणी. चांगल्या व्याख्येचं लक्षण हेच. शेजारच्या वस्तूपासून ही वस्तू जिथे वेगळी होते नेमकं तेवढंच ती सांगते.

मी हे करून पाहिलं. एक वाटी घट्ट दही घेतलं आणि लगेच अडचण आली. चौथाई म्हणजे दह्याच्या चौथाई की सगळ्या मिश्रणाच्या चौथाई? पहिल्या हिशेबाने पाव वाटी पाणी, दुसऱ्याने वाटीचा तिसरा हिस्सा. मी पाव वाटी घालून रवीने घुसळलं. जे झालं ते पळीवर थर धरणारं, आपल्याकडच्या लस्सीच्या जवळ जाणारं. आपण जेवणाच्या शेवटी भातावर ओततो ते ताक हे नव्हे. मग दुसऱ्या वाटीत निम्मं पाणी घातलं. तेही आजच्या ताकापेक्षा दाटच. मथिताच्या जागी मला मठ्ठा आठवला, पण लग्नात जिलबीबरोबर वाढतात त्या आलं-कोथिंबिरीच्या मठ्ठ्यात पाणी भरपूर असतं. 'निर्जल' त्यात काही उरलेलं नाही.

मग हे पातळ ताक गेलं कुठे? ते सापडतं सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात. तिथे भावमिश्राने तीनाचे पाच प्रकार केले आहेत. सायीसकट आणि पाण्याशिवाय ते घोल. साय काढून, पाण्याशिवाय ते मथित. चौथाई पाण्याचं तक्र, निम्म्या पाण्याचं उदश्वित्, आणि सार काढून घेतलेली, स्वच्छ, भरपूर पाण्याची ती छच्छिका. हिंदीतली छाछ तुम्हाला लगेच ओळखू येईल. लोणी काढून घेतलेलं, पाणी वाढवलेलं आमच्या घरचं रोजचं ताक या हिशेबाने छच्छिका ठरतं. नाव तक्राचं राहिलं आणि वस्तू दोन घरं खाली सरकली. अमरकोशाला पाण्याची एकच खूण पुरली होती. भावमिश्राला सायीची दुसरी खूणही लागली. तो वैद्य होता, आणि अमुक विकारावर तक्र द्यावं असं सांगायचं असेल तर पेल्यात नेमकं काय आहे हे ठरलेलं असावं लागतं. औषधाची गरज होती म्हणून हे मोजमाप आपल्यापर्यंत आलं.

भाताचंही तसंच. सुश्रुतसंहितेत एक सुरेख ओळ आहे. शितं नसलेला तो मंड, शितं असलेली ती पेया, पुष्कळ शितं असलेली विलेपी, आणि जिच्यात पातळपणा अगदी विरळ ती यवागू. इथे मोजायला भांडंसुद्धा लागत नाही. पळी बुडवून वर काढायची आणि पाहायचं. दुसरीकडे वैद्यकात तांदळाच्या किती पट पाणी घ्यायचं याचे आकडेही दिलेले आढळतात. भाताला पाचपट, विलेपीला चौपट, यवागूला सहापट, मंडाला चौदापट. दोन्ही व्याख्या शेजारी ठेवल्या की लक्षात येतं, एक करणाऱ्यासाठी आहे आणि दुसरी ओळखणाऱ्यासाठी. आकडे चुलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला हवेत, शितांची खूण वाटी हातात आलेल्याला.

यातली पेया म्हणजेच आपली पेज. कोकणात आणि गोव्यात ती आजही उकड्या तांदळाची होते, लोणच्याच्या फोडीबरोबर किंवा भाजलेल्या सुक्या मासळीबरोबर खाल्ली जाते, आणि तिच्यात शितं असतातच. म्हणजे सुश्रुताची खूण इतक्या शतकांनंतर जशीच्या तशी लागू पडते. ताक बदललं, पेज बदलली नाही. घाटावरच्या घरांत याच पट्टीवर पुढची नावं आहेत: गुरगुट्या भात, आसट भात, मऊ भात, मोकळा भात. यांतला गुरगुट्या आणि आसट यांच्यातला फरक मला एका वाक्यात सांगता येतो. गुरगुट्या चमच्याने वाढतात आणि तो पानात पसरतो, आसट हाताने कालवता येतो. असं वाक्य कोशात असावं असं वाटतं. अमरसिंहाने तर करपलेल्या भातालाही सोडलं नाही. त्याला त्याच्याकडे 'भिस्सटा' आणि 'दग्धिका' अशी दोन नावं आहेत. आपल्याकडे तळाला लागून खरवडून काढतात ती खरवड.

पाण्याने मोजता येत नाही तिथे वेळ मोजली जाते. 'पीयूषोऽभिनवं पयः', पीयूष म्हणजे अगदी नवं दूध. व्याल्यापासून सात दिवसांपर्यंतच्या दुधाला पीयूष म्हणावं अशी मर्यादा घालणारे कोशही आहेत. थोडक्यात, भाचीच्या चिकांपैकी दुसरा. या दुधात विरजण न घालता, नुसत्या वाफेवर ते वडीसारखं घट्ट होतं, कारण वासराला रोगापासून वाचवणारी प्रथिनं त्यात खूप असतात आणि उष्णतेने ती गोठतात. दिवस उलटले की ती कमी होतात आणि खरवस लागत नाही, मग बायका तिसऱ्या दिवसाच्या चिकात साधं दूध बेतानेच घालतात. कोशातला 'अभिनव' हा शब्द म्हणजे नुसतं विशेषण नसून खरवस लागेल की नाही याची अटच आहे. तेच पीयूष आज मुंबईत श्रीखंड आणि ताक एकत्र करून केलेल्या गोड पेयाचं नाव झालं आहे, तेही आपल्या जागी उत्तमच. हैयंगवीन हा असाच आणखी एक शब्द. काल काढलेल्या गाईच्या धारेपासून झालेलं तूप म्हणजे हैयंगवीन, म्हणजे 'काल' हा काळ त्या शब्दाच्या पोटातच आहे. दूध किती दिवसांचं हे सांगणारा तुपाचा शब्द आपल्याकडे होता, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

उसाच्या रसाची कथा वाहण्याची आहे. रस शिजवून थोडा दाट पण बराच पातळ राहिला की त्याला भावप्रकाश फाणित म्हणतो. आपली काकवी. आणखी आटवला, घट्ट झाला पण थोडा ओलसरपणा राहिला की ती मत्स्यंडी, आणि तिच्या नावाची फोड ग्रंथकार अशी करतो: 'मन्दं यत् स्यन्दते', जी हळूहळू ठिबकते ती. नाव, कृती आणि परीक्षा तिन्ही एकाच ओळीत. फोड भाषाशास्त्राच्या कसोटीला किती उतरेल हा वेगळा प्रश्न, पण काईलीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ती नक्की उपयोगी पडेल. गुऱ्हाळावर गुळव्या आजही तेच करतो. उकळत्या रसाचा थेंब थंड पाण्यात टाकायचा आणि बोटांनी गोळी होते का पाहायचं. घरात लाडू करताना आपण म्हणतो एकतारी पाक, दोनतारी पाक, गोळीबंद पाक. किती मिनिटं, किती अंश, काही नाही. दोन बोटांमध्ये पाक धरायचा, बोटं अलगद दूर करायची, आणि तार एक निघते की दोन ते पाहायचं. ही व्याख्या बोटांत राहते. याच रांगेत शेवटी शर्करा येते, जिचा मूळ अर्थ खडे, रेती. साखर दिसायला कशी होती ते त्या नावातच आहे.

इथवर वाचून कुणाला वाटेल की जुना शब्द सापडला म्हणजे जुना पदार्थ सापडला. इथेच सावध राहायला हवं. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण, मराठी मुलखाच्या अगदी शेजारचं. त्यातल्या अन्नभोगाच्या भागात मांड्यांचा पूर्वज मंडक आहे, घारग्यांची पूर्वज घारिका आहे आणि इडरिकाही आहे. इडरिका वाचून इडली खायला बसलात तर फसाल. ती उडदाच्या पिठाची, मिरपूड, जिरेपूड आणि हिंग लावलेली. तांदळाचा पत्ता नाही. तांदूळ आणि उडीद एकत्र भिजवून, आंबवून, वाफवलेली आपली इडली त्या नावात नंतर येऊन बसली.

उलटही होतं. पदार्थ तोच राहतो आणि नाव बदलतं. संस्कृतात श्रीखंड म्हणजे चंदन. ज्याला आपण श्रीखंड म्हणतो त्याच्या जवळचा पदार्थ अमरकोशात 'रसाला' आणि 'मार्जिता' या नावांनी आहे. मार्जिता हा शब्द मृज् धातूचा, घासणे, पुसणे. फडकं पातेल्यावर ताणून बांधून त्यावर चक्का हाताने घासत खाली उतरवलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना मार्जिता या नावाची वेगळी व्याख्या लागत नाही. आता हे काम पुरणयंत्र करतं, पण यंत्रातही चक्का घासलाच जातो.

मराठीचे स्वतःचे कोश या तुलनेत नवे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी राजव्यवहारकोश केला. त्यात दहा वर्ग आहेत आणि त्यांपैकी एक भोग्यवर्ग, म्हणजे खाण्यापिण्याच्या, सुगंधाच्या, उपभोगाच्या वस्तूंचा. पण तो कोश फारसी-अरबी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द देतो. वस्तूचं नाव बदलायचं हा त्याचा हेतू, वस्तू समजावणं हा नव्हे. १८२९ मध्ये मुंबईत शास्त्रीमंडळींनी केलेला मराठी-मराठी कोश छापला गेला. १८३१ मध्ये कॅप्टन मोल्सवर्थने कँडी बंधू आणि इथल्या पंडितांच्या मदतीने केलेला मराठी-इंग्रजी कोश आला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ची. तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. आणि १९३२ ते १९३८ या काळात दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग निघाले.

हे चाळताना एक गोष्ट जाणवत जाते. मराठी माणसासाठी लिहिलेल्या कोशात पदार्थाचं नाव आलं की 'एक पक्वान्न', 'एक खाद्य', 'पक्वान्नविशेष' असे शब्द फार सहज येतात. संस्कृत कोशांची ही जुनी सवय. झाड असेल तर वृक्षविशेष, मासा असेल तर मत्स्यविशेष. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यात चूक नव्हती. अनारसा कोणाला ठाऊक नाही? सणाला घरोघरी होतो! पण कधीही न खाल्लेल्या माणसासाठी लिहायचं म्हटलं की कशाचा, कसा केलेला, कशात तळलेला, एवढं तरी सांगावंच लागतं. त्यामुळे परक्या वाचकासाठी केलेल्या कोशातल्या पदार्थांच्या नोंदी आज आपल्याच जास्त कामी येतात. पणजीच्या स्वयंपाकघराला आता आपणही परकेच आहोत. तांदूळ तीन दिवस भिजवून, दळून, गुळात मळून ते पीठ मुरत ठेवावं लागतं हे 'पक्वान्नविशेष' या शब्दातून कुणालाही कळणार नाही.

माझी खरी तक्रार थोडी वेगळी आहे. कोश लिहिणारे शास्त्री-पंडित होते, करणाऱ्या बायका होत्या. नाव माजघरातून ओसरीवर सहज आलं, कृती आली नाही. कुंभार, चांभार, कोष्टी, गवंडी यांच्या कामातल्या शब्दांनाही हेच झालं, आणि त्यांची घरं तर कोशकारांच्या ओसरीपासून आणखी लांब. दाते-कर्व्यांनी कोकणी, वऱ्हाडी, गोमंतकी, बेळगावी अशा खुणा शब्दांपुढे घातल्या हे त्यांचे मोठेच उपकार, कारण पदार्थाच्या शब्दाला गाव कळलं की निम्मा पदार्थ कळतो.

खाण्याच्या पलीकडच्या तयार वस्तूंना तर व्याख्यांची गरज जास्तच, कारण त्या चाखून ओळखता येत नाहीत. गिलावा हा फारसीतून आलेला शब्द. गिल म्हणजे माती, आब म्हणजे पाणी. चिखल, एवढंच. आज सिमेंटच्या गिलाव्यात मातीचा कणही नसतो. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, चुन्यात मिसळायची, आणि शब्द आला सुर्ख म्हणजे लाल यावरून. विटेचं नाव नाही, कुटण्याचं नाव नाही, फक्त रंग. चुना आला चूर्ण या शब्दावरून, म्हणजे नुसती पूड. कोणती पूड हे शब्द सांगत नाही, म्हणून मराठीला पुढे कळीचा चुना, विरवलेला चुना, खायचा चुना असे शब्द जोडावे लागले. भट्टीतून निघालेली कळी पाण्यात पडली की फसफसते, वाफा येतात, पाणी उकळायला लागतं. हा टप्पा ज्या व्याख्येत नाही ती चुन्याची व्याख्या अपुरी. आपल्या अनेक किल्ल्यांवर चुन्याची घाणी दिसते, दगडी गोल चर आणि त्यात फिरणारं चाक. तिथे उभं राहिलं की कळतं, चुना म्हणजे फक्त चूर्ण नव्हे, तो मळलेला, दळलेला, मुरवलेला पदार्थ आहे. संस्कृतातल्या सुधा शब्दाला अमृत हा अर्थ आहे आणि भिंतीला द्यायचा चुना हाही. सुधेने पांढरा केलेला वाडा तो सौध. ज्यांनी हे दोन अर्थ एका शब्दात ठेवले त्यांना चांगल्या घोटलेल्या चुन्याची किंमत पुरेपूर माहीत असणार.

आता जे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. कोशात पदार्थाचं नाव शोधताना नामापेक्षा क्रियापदाकडे पाहावं. दूध आटतं, आमटी आळते. आटताना पाणी उडून माप कमी होतं, आळताना दाटपणा वाढतो. बासुंदीच्या व्याख्येत 'आटवलेलं' हा शब्द असेल तर दूध निम्म्यावर आलं असणार, पिठलं मात्र आळतं. शिजवणं, उकळणं, उकडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बटाटे उकडतात, चहा उकळतो, भात शिजतो. कणीक मळतात, पण पुरणपोळीची कणीक तेलपाणी लावून तिंबतात, म्हणजे आपटून, ताणून, तार सुटेपर्यंत. 'पिठाची केलेली' अशी व्याख्या आणि 'तिंबलेल्या कणकेची' अशी व्याख्या यांत एक अख्खी पोळी फाटण्याइतका फरक आहे. भाजणं, परतणं, खरपूस करणं, वाफ काढणं, दम देणं, मुरवणं, विरजणं, घोटणं, हाटणं ही क्रियापदं ज्या कोशाने नीट दिली, त्याने दहा पदार्थांना 'एक पक्वान्न' म्हटलेलं मी माफ करते. क्रिया समजली की पदार्थ पुन्हा करता येतो.

भाचीला शेवटी मी चिकाची नोंद लिहून पाठवली, जुन्या कोशांच्या धर्तीवर. 'चीक, पुल्लिंगी. १. झाडाचा पांढरा चिकट रस. २. व्यालेल्या गाईम्हशीचं पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळसर दाट दूध. खरवस याचाच. ३. तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवलेले गहू वाटून, चोथा पिळून काढल्यावर रात्रभरात तळाशी बसणारं गव्हाचं सत्त्व. वरचं पाणी ओतून हे घ्यावं. चिकाइतकंच पाणी मीठ-हिंग घालून उकळावं आणि त्यात चीक हाटून शिजवावा. गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया घालाव्यात.'

तासाभराने तिचा उलट निरोप आला. "हाटायचं म्हणजे ढवळायचंच ना?"

नाही. मग मी फोन माझ्या आईच्या हातात दिला, चुलीवर पातेलं चढवलं आणि कॅमेरा सुरू करायला सांगितला. डाव्या हाताने चिकाची धार, उजव्या हातात लाटणं धरून तळापासून एकाच दिशेने, गुठळी दिसली की काठाला दाबून मोडत, रंग दुधी जाऊन काचेसारखा होईपर्यंत, आणि लाटण्याला चीक चिकटायचा थांबेपर्यंत. आई मागून सांगत होती, "हात थांबवू नकोस."